गडग्यापर्यंतचा गाऊन

सकाळी आठच्या आसपास मालवणच्या कुठल्याही वाडीत जावं. दांडी, मेढा, धुरीवाडा, वायरी, कुठेही. मासेवालीची हाक ऐकू आली की घरातून जी बाई खळ्यात येते तिच्या हातात ताट असतं आणि अंगात गाऊन. बारीक फुलांचा नाहीतर बाटिकचा, पायघोळ, गळ्याशी चेन, उजव्या बाजूला खिसा. बांगड्यांचा वाटा किती मोठा आणि पेडवे कालचे की आजचे यावर दोन-चार वाक्यांची झटापट होते, खिशातून नोटा निघतात, ताट आत जातं.

या व्यवहाराला एक अलिखित नकाशा आहे. खळ्याच्या गडग्यापर्यंत, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणापर्यंत, नुसता गाऊन चालतो. गडग्याबाहेर, कोपऱ्यावरच्या दुकानातून मिरच्या-कोथिंबीर आणायची तर खांद्यावर ओढणी येते, ओढणी सापडली नाही तर टॉवेल. बाजारपेठेत किंवा तहसील कार्यालयात जायचं तर साडी नाहीतर पंजाबी ड्रेस. घरात अनोळखी पुरुष आला तर गडग्याची रेघ थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे सरकते आणि आतून सासूचा आवाज येतो, ‘गो बाय, भायर कोण इलो हा, ओढणी घे खांद्यार.’ गाऊन गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळं झाकतो, त्या ओढणीने आणखी झाकायला फारसं काही उरलेलं नसतं. तरीही ती हवी.

त्याच सकाळी सिंधुदुर्गात आणखी काही गाऊन कामाला लागलेले असतात. ओरोसच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणारा कुणी कोल्हापूरच्या गाडीत बसलेला असतो, बॅगेत काळ्या गाऊनची घडी. रुग्णालयात नर्स पेशंटच्या हातात एक घडी देऊन सांगते, नाड्या पाठीमागे बांधा. एखादी मुलगी कॉलेजच्या पदवीप्रदानासाठी भाड्याने आणलेल्या गाऊनच्या बाह्या किती लांब आहेत ते आरशात पाहत असते. मराठीत या सगळ्यांना एकच शब्द, आणि गंमत म्हणजे कुणाचाही घोटाळा होत नाही. ‘वकीलबाई गाऊन घालून आल्या’ हे वाक्य कोर्टाच्या आवारात ऐकलं तर माणसं उभी राहतात, वकीलबाईंच्या शेजारणीने सांगितलं तर कुणी मान वर करत नाही.

शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला, पण त्याचं मूळ त्याहून बरंच जुनं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘गुन्ना’ म्हणजे कातड्याचं किंवा फरचं वस्त्र. आठव्या शतकात संत बोनिफेसने म्हाताऱ्या आणि आजारी मठवासीयांना असं वस्त्र घालायला परवानगी दिली होती. म्हणजे गाऊनची ही जुनी ओळख थाटाची नाही, सवलतीची आहे. थंडी सोसत नाही ना, मग घाला. पुढे फ्रेंचमधून तो इंग्रजीत गेला आणि युरोपच्या थंडगार दगडी इमारतींत पाद्री, प्राध्यापक, न्यायाधीश असे बसून काम करणारे लोक त्यात गुरफटून बसले. बाकीच्यांचे कपडे आखूड होत गेले, या मंडळींचे लांबच राहिले. जी गोष्ट सगळ्यांनी सोडली ती धरून ठेवणारा प्रतिष्ठित ठरतो, तसं त्या लांबीचं झालं.

घरातल्या गाऊनच्या वंशावळीत मात्र हिंदुस्थान फार लवकर येतो. सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांनी इथलं छापील सुती कापड, रेशीम आणि सैल अंगरख्यांची कल्पना तिकडे नेली. लंडनचे सधन पुरुष घरी आल्यावर घट्ट कोट उतरवून असा सैल झगा चढवू लागले. त्याला ते म्हणत ‘बनियन’, म्हणजे वाण्याचा पोशाख. गुजराती ‘वाणियो’ या शब्दाचं हे इंग्रजी रूप. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याने 1 जुलै 1661 रोजी 34 शिलिंग देऊन स्वतःसाठी ‘इंडियन गाऊन’ घेतल्याची नोंद आहे. पाच वर्षांनी, 1666 मध्ये, स्वतःचं चित्र काढून घेताना त्याने असाच गाऊन चक्क भाड्याने आणला. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. म्हणजे फोटोपुरता भाड्याचा गाऊन ही काही आजच्या पदवीधरांची युक्ती नव्हे. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती ती याच शतकात, तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. गंमत अशी की तिकडे अंगरखा झालेला तो ‘बनियन’ शब्द आपल्याकडे गंजिफ्रॉकवर येऊन टेकला. वेंगुर्ल्याच्या ओसरीवर नुसत्या बनियनवर बसलेल्या आजोबांना हे सांगून पाहावं.

काळ्या गाऊनची कथा मालवणात सुरू करता येते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म मालवणचा, 6 जुलै 1837 चा. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि 1862 मध्ये तिथून पहिले चार पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे, वामन आबाजी मोडक आणि आपले भांडारकर. तीसेक वर्षांनी, 1893 मध्ये, तेच भांडारकर त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेल्या या विद्यापीठाने परीक्षांची पद्धत घेतली तसा झगाही तिकडचाच घेतला. त्या पिढीच्या छायाचित्रांत खाली धोतर, वर काळा गाऊन आणि डोक्याला पागोटं अशी जोडी दिसते. आज ती हसू आणते. पण संस्कृत व्याकरण आणि युरोपीय संशोधनपद्धती एकाच डोक्यात नांदवणाऱ्या माणसांना तो पोशाख अगदी शोभण्यासारखा होता.

बायकांना या काळ्या कापडासाठी जास्त थांबावं लागलं. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. पुढे 1892 मध्ये ऑक्सफर्डला त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. 1920 मध्ये तो नियम बदलला आणि सोराबजींना पदवी मिळाली ती 1922 मध्ये, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. भारतात स्त्रियांना वकिलीची दारं उघडणारा कायदा 1923 चा. आज सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीच्या कोर्टांत पांढरी साडी किंवा पांढरा सलवार-कमीज आणि वर काळा कोट घालून स्त्रिया उभ्या राहतात. त्या दृश्याचं वय शंभर वर्षांच्या आसपास आहे, त्याहून जास्त नाही.

पदवीचा गाऊन अलीकडे पुष्कळांना टोचू लागला आहे. 2010 च्या एप्रिलमध्ये भोपाळच्या वनव्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच तो उतरवला आणि ही वसाहतवादाची रानटी खूण आहे असं सांगितलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा सोडून स्थानिक परंपरेतला वेष ठरवायला सांगितलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने 2019 च्या समारंभात गाऊन-टोपीऐवजी देशी पोशाख आणि पुणेरी पगडी आणली, तर काही विद्यार्थ्यांनी पुणेरी नको, फुले पगडी हवी असा आग्रह धरला. गाऊन गेल्यावर वाद संपेल ही अपेक्षा भाबडी होती. विलायती गाऊनमध्ये निदान एक सोय होती, तो इथल्या कुणाचाच नव्हता. देशी पोशाख म्हटलं की कुठल्या पेठेचा आणि कुणाचा, हे आलंच.

सिंधुदुर्गाच्या प्रेक्षकाला काळ्या झग्याची आणखी एक ओळख आहे आणि ती विद्यापीठाहून जुनी. दशावतारातला संकासूर काळ्या वेषातच येतो. वेद पळवणारा, विष्णूने मत्स्यावतार घेऊन मारलेला हा असुर इथल्या जत्रांत पोरांना घाबरवतो आणि थोरांना हसवतो. ज्ञानाची पोथी घेऊन पसार झालेल्या आणि काळा झगा घातलेल्या या पात्राकडे पाहून एखाद्या पदवीदान समारंभाची आठवण झाली तर तो दोष प्रेक्षकाचा नाही.

वकिलांचा गाऊन मात्र टिकून आहे आणि सिंधुदुर्गात त्याला अलीकडे नवं काम मिळालं आहे. नियम मुळात साधा आहे. अधिवक्ता कायदा 1961 चा, त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने केलेल्या नियमांनुसार गाऊन सक्तीचा आहे तो फक्त सर्वोच्च न्यायालयात आणि उच्च न्यायालयांत. मालवणच्या दिवाणी न्यायालयात किंवा ओरोसला तो ऐच्छिक. उन्हाळ्यात तर खालच्या न्यायालयांत काळ्या कोटाचीही सक्ती नाही. एप्रिल-मे महिन्यांत कोकणात ज्याने दुपारी बाराला कोट घालून पाहिला आहे त्याला या सवलतीचं मोल सांगायला नको. त्यामुळे जिल्ह्यातल्या अनेक वकिलांचा गाऊन वर्षानुवर्षं कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात असे, कारण उच्च न्यायालय म्हणजे मुंबई आणि मुंबई लांब. 17 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे तिच्याकडे आले. आता घाट चढला की उच्च न्यायालय. फोंड्याने जा की आंबोलीने, गाऊन बॅगेत हवाच.

हा गाऊन नीट पाहण्यासारखा आहे. पुढून पूर्ण उघडा, त्याला बटण नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात चालता चालता तो खांद्यावर येतो आणि बाहेर पडताना तसाच उतरतो. ज्येष्ठ वकिलाचा गाऊन वेगळ्या कापाचा असतो, त्यामुळे जाणकाराला लांबूनच दर्जा कळतो. इंग्लंडहून आलेल्या साध्या गाऊनच्या डाव्या खांद्यामागे कापडाचा एक निरर्थक तुकडा लोंबतो. बॅरिस्टर लोक फी मागणं कमीपणाचं मानत, म्हणून अशील मागच्या मागे त्या पिशवीत नाणी टाकी, अशी एक आख्यायिका आहे. जाणकार म्हणतात, तो दुखवट्याच्या टोपडीचा उरलेला अवशेष. आख्यायिकाच अधिक लोकप्रिय आहे, विशेषतः अशिलांमध्ये.

वेंगुर्ल्यात जन्मलेले नाथ पै लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि 1957 पासून राजापूरचे खासदार राहिले. कोकणात त्यांच्या नावाआधी ‘बॅरिस्टर’ आजही लागतं. लोकांच्या आठवणीत राहिली ती त्यांची भाषणं. गाऊन त्यांनी किती वेळा घातला हे कुणी विचारत नाही, पण त्या पदवीमागे तो कायम उभा असतो.

2024 मध्ये उकाड्याचं कारण देऊन वकिलांच्या कोट-गाऊनमधून सूट मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. न्यायालयाने ती मनावर घेतली नाही. पण याच न्यायालयाने एकदा ही सूट आपणहून दिली होती. 13 मे 2020 च्या परिपत्रकाने व्हिडिओवरून होणाऱ्या सुनावण्यांत वकिलांना कोट आणि गाऊन माफ झाले, पांढऱ्या शर्टावर किंवा साडीवर पांढरा गळपट्टा पुरे. कारण वैद्यकीय सल्ल्याचं होतं. लांबरुंद कापडावर विषाणू बसून राहील अशी भीती होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत देशातले शिवणकारखाने दिवसाला लाखोंनी गाऊन शिवत होते, डॉक्टर-नर्सांसाठी. एकाच साथीने एका पेशाचा गाऊन उतरवला आणि दुसऱ्याला नखशिखान्त चढवला. मे महिन्यात त्या न विणलेल्या कापडाच्या बंद गाऊनमध्ये सहा-सहा तास घामाने निथळत उभं राहिलेल्या नर्सेस जिल्ह्याजिल्ह्यांत होत्या. त्यांना सवलत देणारं परिपत्रक निघणं शक्य नव्हतं.

रुग्णालयात गाऊन दोन बाजूंनी भेटतो. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचा गाऊन पाठीमागे बांधला जातो, कारण त्याचा पुढचा भाग निर्जंतुक राहायला हवा आणि स्वतःच्या हाताने तो बांधता येऊ नये हीच त्यातली शिस्त आहे. दुसरं कुणीतरी नाड्या आवळतं. पूर्वी हे कपडे पांढरे असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका शल्यविशारदाने हिरवे वापरून पाहिले. रक्ताच्या लाल रंगाकडे सतत पाहून थकलेल्या डोळ्यांना हिरव्या-निळ्या रंगाने विसावा मिळतो, आणि पांढऱ्या कापडावर नजर गेल्यावर जो हिरवट भास तरळतो तो हिरव्यावर विरून जातो.

पेशंटचा गाऊनही मागून उघडा, पण तिथे अर्थ पालटतो. झोपलेल्या माणसाला न हलवता तो घालता-काढता यावा, सुई-नळ्या लावता याव्यात, यासाठी ती रचना. सोय सगळी दुसऱ्याची. एरवी गावात ज्याच्या शब्दाला मान आहे असा माणूस त्या गाऊनमध्ये एका हाताने मागची फट धरून बाथरूमपर्यंत जातो तेव्हा आजारापेक्षा त्याला गाऊनच जास्त लागतो. मागून उघडणारा कपडा म्हणजे दुसऱ्याच्या स्वाधीन झालेलं अंग. नवरीच्या गाऊनची बटणंही पाठीवरच असतात आणि ती लावायला बहिणी-मैत्रिणी लागतात, मात्र त्या स्वाधीन होण्याचे फोटो काढले जातात.

सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घरांत हा पांढरा गाऊन पिढ्यान्‌पिढ्यांचा परिचित आहे. इथला ख्रिस्ती समाज इतका मुरलेला की 2005 मध्ये सिंधुदुर्ग नावाचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याचं मुख्य चर्च सावंतवाडीचं मिलाग्रिस. पांढरा रंग मात्र फार जुना नाही. राणी व्हिक्टोरियाने 10 फेब्रुवारी 1840 रोजी पांढऱ्या पोशाखात लग्न केलं आणि तिथून तो रिवाज पसरला. त्याआधी युरोपातल्या नवऱ्या आपला असेल तो चांगला रंगीत पोशाख घालत. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती लग्नांत नवऱ्याकडून येणारा लाल ‘साडो’ असे. त्याच्या कापडाला शिंपी पहिली कात्री लावी तेव्हा फटाके उडत. पांढऱ्याने चर्च घेतलं तरी लालचा हट्ट असा मागच्या दाराने टिकून राहिला.

अलीकडे लग्नाआधीच्या फोटोंसाठी तारकर्लीच्या वाळूत मैलभर घोळाचे लाल-पिवळे गाऊन फडफडताना दिसतात. बहुतेक भाड्याचे. वारा अपुरा पडला तर फोटोवाल्याचा मदतनीस घोळाचं टोक हवेत भिरकावून पळ काढतो. किनाऱ्यावर जाळं सावडणारी माणसं हे निर्विकारपणे पाहतात.

आता पुन्हा खळ्यात. हा घरगुती गाऊन मराठी मध्यमवर्गात स्थिरावला तो गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. 1970 च्या दशकात मॅक्सीची फॅशन होती, ती जिरल्यावर घरात उरली. त्याआधी हिंदी सिनेमात गाऊन असे तो श्रीमंतांच्या घरी. जिन्यावर उभं राहून मुलीच्या लग्नाला नकार देणारा बाप रेशमी ड्रेसिंग गाऊनमध्येच असायचा. कोकणात हा कपडा आला तो मुंबईच्या वाटेने. चतुर्थीला चाकरमानी येत, त्यांच्या बायकांच्या अंगावरचा गाऊन गावातल्या जावा-नणंदा पाहत, पुढच्या वर्षी बॅगेतून दोन जादा येत. आता मालवण-कुडाळच्या बाजारात दोऱ्यांवर ओळीने टांगलेले असतात. सुती, हौजरी, अल्पाइन, फ्री साईज, आणि बाळंतिणीसाठी आडव्या चेनचा वेगळा.

तो का रुजला याची कारणं अगदी रोकडी आहेत. नऊवारी म्हणजे आठ मीटरच्या वर कापड, पाचवारीलाही पाच मीटर, शिवाय परकर आणि ब्लाउज. गाऊनचं काम तीनेक मीटरमध्ये भागतं. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत चार दिवस ऊन दिसत नाही, पडवीतल्या दोरीवर साडी वाळता वाळता कुबट होते. गाऊन पिळून टाकला की रात्रीत सुकतो. दमट उन्हाळ्यात कमरेला नाडी आवळलेला परकर घामोळं आणतो, गाऊनला कंबरच नाही. बाळंतिणीला, गुडघे धरलेल्या आजीला, ऑपरेशन झालेल्या बाईला साडी नेसणं हेच एक काम होऊन बसतं. आजीने सत्तराव्या वर्षी नऊवारी सोडून गाऊन घातला की घरात दोन दिवस कुजबुज होते, तिसऱ्या दिवशी तिची धाकटी बहीणही मागवते. म्हाताऱ्या मठवासीयांना मिळालेली ती आठव्या शतकातली सवलत असं वळसे घेत कोकणातल्या आजीपर्यंत पोचली म्हणायची.

आणि खिसा. साडीला खिसा नसतो. पैसे कनवटीला, किल्ल्या कमरेला, सुट्टी नाणी ब्लाउजमध्ये, अशी तिजोरी अंगभर वाटलेली असे. गाऊनने बाईला शिवलेला, हक्काचा खिसा दिला. आता त्यात मोबाइल असतो. चुलीपुढे उभं राहून मुंबईच्या मुलाशी बोलणं खिशामुळे जमतं. कपड्यांच्या इतिहासात ही क्रांती म्हणून कुणी नोंदवणार नाही, पण ज्या बाईच्या गाऊनला खिसा नाही तिला विचारावं. ती शिंप्याकडून लावून घेते.

कष्टाच्या कामातही गाऊन शिरला आहे. भातलावणीला गाऊन कमरेशी खोचून, वर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून बायका चिखलात उतरतात. काजू सोलायला बसणाऱ्या बायका अंगावरच्या कपड्यांवर असाच जुना शर्ट किंवा गाऊन घालतात, कारण टरफलातलं तेल कातडी भाजतं आणि कापडावरचा डाग जात नाही. मासळीबाजारात मात्र साडीचं राज्य अजून बरंच शाबूत आहे. तिथे बाई चारचौघांत बसते, भाव पुकारते, गिऱ्हाइकाला नजर देते. ती तिची पेढी आहे, आणि पेढीवर तयार होऊन बसायचं असतं.

गाऊनवरचा सगळा राग इथेच कुठेतरी आहे. 2014 मध्ये नवी मुंबईच्या गोठिवली गावात एका महिला मंडळाने दिवसा गाऊन घालून बाहेर फिरणाऱ्या बायकांना 500 रुपये दंड जाहीर केला. दंड लावणाऱ्याही बायकाच. 2018 मध्ये आंध्रातल्या तोकलपल्ली गावाने सकाळी सात ते संध्याकाळी सात अशी बंदी घातली, दंड 2000 आणि चुगली करणाऱ्याला बक्षीस 1000. शांघायमध्ये 2010 च्या जागतिक प्रदर्शनाआधी पायजम्यात रस्त्यावर येऊ नका अशी मोहीम निघाली होती. कारण सगळीकडे एकच सांगितलं गेलं, असभ्य दिसतं. पण साडीत पोट दिसतं, पाठ दिसते, गाऊनमध्ये टाच सोडून काही दिसत नाही. तेव्हा हरकत अंग दिसण्याला नाहीच. गाऊन घातलेली बाई तुमच्यासाठी तयार झालेली नसते, आणि तरी ती रस्त्यावर असते, दुकानदाराशी घासाघीस करत असते. लोकांना खुपतं ते हे. वकिलाचा गाऊन नेमका उलटा बोलतो. खाली कॉलर मळकी असो, शर्टाची इस्त्री मोडलेली असो, वरून तो चढला की माणूस तयार झाला असं न्यायालय धरून चालतं. म्हणून एक सक्तीचा आणि दुसऱ्याला दंड.

केरळपासून मुंबईपर्यंतच्या पट्टीत बायकांनी या वादावर भाषणं केली नाहीत, ओढणी घेतली. केरळात हीच गोष्ट नाइटीवर खांद्याला टॉवेल टाकून होते. मालवणात पर्यटन वाढलं, घरोघरी खोल्या भाड्याने जाऊ लागल्या, तशी या नियमावलीत नवी कलमं पडली. पाहुण्यांना सकाळचा चहा गाऊनवर ओढणी घेऊन दिला तर चालतो. जेवण वाढताना ड्रेस. पाहुणे दुसऱ्यांदा आले आणि मावशी म्हणू लागले की ओढणी दाराच्या खिळ्यावरच राहते.

शेवटी कापड म्हणून गाऊनचं काय होतं हेही पाहायला हवं. काळा गाऊन उन्हात तांबूस पडतो म्हणून सावलीत वाळवतात, वर्षानुवर्षं टिकतो, बापाचा मुलगी घालते. घरचा गाऊन दोन-तीन वर्षांत काखेत विरतो, चेन बसते, मग तो फक्त लादी पुसण्याच्या दिवशी घालायचा होतो. पूर्वी आजीचं सुती लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी होई, त्या मऊपणासाठी नातवंडांत भांडणं लागत. हौजरीच्या गाऊनची गोधडी होत नाही, तो टाक्याला ओढतो आणि आत गोळा होतो. त्याचे दोन तुकडे करतात. मोठा पायपुसणं म्हणून मागच्या दारी जातो, लहान स्कूटर पुसायला. खिसा असलेली बाजू बहुधा स्कूटरकडे जाते.